आज परिपाठ कोणाचा?

(१९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मित्राने मला वीस मिनिटं दिली आहेत. तो वर्गात मॉनिटर होता आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, हे तुम्हाला आठवत असेल. त्यामुळे मी वेळेत आटपणार आहे.

आज सकाळी पावणेअकराला आपण पटांगणात पुन्हा रांगेत उभे राहिलो. चाळीस वर्षांनी. पी.टी.च्या सरांनी काठी टेकत पुढे येऊन 'सावधान' म्हटलं, आणि कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोणाला नातू झालाय, हे सगळं विसरून आपण टाचा जुळवल्या. उंचीप्रमाणे उभं राहायचं म्हटल्यावर आपला सर्वांत बुटका मित्र सवयीने पहिल्या नंबरावर जाऊन उभा राहिला आणि मग लक्षात आलं, की तो नववीनंतर वाढला होता. आपण पोट धरून हसलो.

मग स्पीकरवर प्रार्थना लागली. आवाज छान होता. मागे बासरी होती, तबला होता. आणि आपण सगळे गप्प उभे राहिलो. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जी प्रार्थना आपण पाचवीपासून दहावीपर्यंत रोज म्हटली, झोपेतून उठवलं तरी जी आपल्याला येईल, ती चालू असताना आपल्यातल्या एकाचेही ओठ हलत नव्हते. माझेही नाही. यंत्र गात होतं आणि आपण ऐकत होतो. मुख्याध्यापक सरांनी नंतर मला सांगितलं, संगीत शिक्षकांची जागा रिकामी आहे, पेटीचा भाता फाटलाय, म्हणून पेन ड्राइव्हवर प्रार्थना लावतात. त्यांची अडचण मला कळते. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. पण तो क्षण माझ्या मनातून गेला नाही. लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्येच ठेवलं आहे. आज मी परिपाठाबद्दल बोलणार आहे.

आपल्या वेळचा परिपाठ आठवा. शिपाईमामा रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे. फक्कीने आखलेल्या रेषांवर रांगा लागायच्या. ओट्यावर पेटी, तबला आणि चार मुली. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पाच प्रश्न, आणि शनिवारी पसायदान. राष्ट्रगीत ५२ सेकंदांतच झालं पाहिजे म्हणून पी.टी.चे सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. पेपर गावात दुपारच्या एसटीने यायचा, म्हणून ज्याच्याकडे बातम्या असत तो सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकून पेन्सिलीने घाईघाईत लिहून आणायचा. एकदा त्यात सोन्याचे भावही आले होते, तुम्हाला आठवत असेल.

या सगळ्या आठवणी गोड आहेत. पण सगळंच गोड नव्हतं, आणि आज खरं बोलायला हरकत नाही. फाटकाजवळ लिंबाखाली आणखी एक रांग असायची. उशिरा येणाऱ्यांची. मी त्या रांगेची कायमची सभासद होते. आमची वाडी ओढ्यापलीकडे, चार किलोमीटरवर. घरचं पाणी भरायचं, धाकट्या भावाला आजीकडे सोडायचं, मग चालत निघायचं. लिंबाखालून ओटा लांब दिसायचा आणि ओट्यावर तीच सात-आठ मुलं दिसायची. त्यांचे उच्चार स्वच्छ, गणवेश स्वच्छ, घरी रेडिओ. तुम्ही ते सात-आठ जण समोरच बसला आहात आणि आत्ता एकमेकांकडे बघताय. तुमचा मला कधी राग आला नाही. उलट मला वाटायचं, परिपाठ म्हणजे तुमचंच काम, जसं टोले देणं हे मामांचं काम. आमचं काम ऐकण्याचं.

सातवीत मराठीच्या बाईंनी एक साधी गोष्ट केली. बाई, तुम्ही इथे आहात, तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. तुम्ही वर्गात येऊन सांगितलंत, की आपल्या वर्गाचा आठवडा आला की परिपाठ हजेरीच्या क्रमांकाने होईल. कोणी सुटणार नाही. माझा क्रमांक ३१. माझ्या वाट्याला बातम्या आल्या.

आमच्या घरी पेपर नव्हता आणि रेडिओही नव्हता. शेजारच्या काकांकडे रेडिओ होता, पण त्याचे सेल उतरले होते. त्या रात्री पाऊस कोसळला. पहाटे कळलं, ओढ्यावरचा साकव वाहून गेलाय. आई म्हणाली, आज राहू दे शाळा. पण माझा नंबर होता. मी आणि दोघं मुलं वरच्या अंगाने बंधाऱ्यावरून लांबचा वळसा घालून निघालो. नंबर होता म्हणून सातलाच निघालो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी टोल्यांच्या आधी शाळेत पोहोचले. स्कर्टला चिखल लागलेला, हातात कोरा कागद.

ओट्यावर चढले तेव्हा पाय लटपटत होते. मी म्हटलं, "आजच्या बातम्या. काल रात्रीच्या पावसात आमच्या वाडीच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला. वाडीची अकरा मुलं या शाळेत येतात. आज तीन आली आहेत. बातम्या संपल्या."

मागून हसण्याचा आवाज आला. इतर मुलं दिल्ली-मुंबईच्या बातम्या सांगायची आणि ही ओढ्याची सांगतेय! बाईंनी हात वर केला आणि हसू थांबलं. त्या वेळचे मुख्याध्यापक सर ओट्याजवळ आले. त्यांनी मला न आलेल्या आठ मुलांची नावं विचारली, पाणी किती आहे विचारलं, आम्ही कोणत्या वाटेने आलो विचारलं. संध्याकाळी पी.टी.चे सर दोर घेऊन आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आले. दसऱ्यानंतर वाडीकऱ्यांनी नवा साकव घातला. तोपर्यंत पाऊस असेल त्या संध्याकाळी सर नाहीतर मामा आम्हाला पोहोचवायला यायचे. आणि दुसऱ्या दिवसापासून ओढ्यापलीकडच्या मुलांना लिंबाखालची रांग बंद झाली.

मित्रांनो, शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव दोन वर्षं होतं. पण मी कुठून, कशी येते हे शाळेला त्या दिवशी कळलं. मी मुद्दाम तक्रार घेऊन कुणाकडे गेले नसते, तशी आमची हिंमतच नव्हती. ओट्यावर माझा नंबर आला म्हणून ते बाहेर पडलं. परिपाठाचा उपयोग काय, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते. सबंध शाळा एका जागी असते अशी दिवसातली ती एकच पंधरा-वीस मिनिटं आहेत. त्या वेळात कोण बोलतं, त्यावर शाळेला कोणाची माहिती होते हे ठरतं.

आता माझी चूक सांगते. हे सगळं मी स्वतः अनुभवलेलं असूनही शिक्षिका झाल्यावर मी विसरले.

डी.एड. करून मी जिल्हा परिषदेत लागले. शाळा बदलत गेल्या. माझ्या शाळेचा परिपाठ तालुक्यात नावाजला गेला. केंद्रप्रमुख इतर शाळांच्या शिक्षकांना बघायला घेऊन यायचे. सुंदर व्हायचाच तो. पाच हुशार मुली होत्या, त्यांना मी तयार केलं होतं. एक चुकायची नाही. पाहुणे म्हणायचे, "बाई, काय तयारी आहे!" आणि मला बरं वाटायचं.

आमचा भाग उसाचा. दिवाळीनंतर बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या पडतात आणि त्यांची मुलं चार-पाच महिन्यांसाठी आमच्या पटावर येतात. साधारण दहा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा चौथीत आला होता. कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी निघाली, तेव्हा मी त्याचं शिक्षण हमी पत्रक भरायला बसले. हे पत्रक मुलाबरोबर जातं, म्हणजे पुढच्या शाळेला तो कुठपर्यंत शिकलाय ते कळतं. शेजारच्या शिक्षकांनी सहज विचारलं, "वाचन कसं आहे हो त्याचं?" लेखी उत्तरांवरून मी काहीतरी लिहू शकले असते. पण माझ्या लक्षात आलं, की मला त्या मुलाचा आवाजच माहीत नाही. चार महिने रोज सकाळी तो माझ्यासमोर रांगेत शेवटचा उभा होता. मी त्याला "सावधान" सांगितलं होतं, "नखं काप" सांगितलं होतं. त्याने मला काय सांगितलं होतं? काही नाही. मी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मला लिंबाखालची रांग आठवली. फरक इतकाच, की या वेळी ती रांग मी लावली होती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी परिपाठ बदलला. आमची शाळा लहान, पट ६४. काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत आणि काही संस्थांवर आहेत.

पहिली गोष्ट, एक साधी दोनशे पानी वही केली. त्यात तारीख, मुलाचं नाव आणि त्याने काय केलं एवढंच लिहायचं. सगळ्यांचे नंबर झाल्याशिवाय कोणाचा दुसऱ्यांदा नाही. वही मुलांच्याच ताब्यात. सकाळी फाटकातून आत आलं की पहिला प्रश्न तोच असतो, "आज परिपाठ कोणाचा?"

दुसरी, काल ज्याचा नंबर झाला तो आज नव्या मुलाच्या शेजारी उभा राहतो. तो बोलत नाही. नुसता उभा राहतो. एकट्याने ओट्यावर उभं राहण्यात आणि शेजारी कोणीतरी असण्यात किती फरक आहे, हे ज्याचे पाय लटपटले असतील त्याला विचारा.

तिसरी, ओट्यावर चुका काढायच्या नाहीत. शिक्षकांनीही नाही. 'आणि'ला 'आनि' म्हटलं तर म्हटलं. ते नंतर वर्गात बघू.

चौथी, पेपरच्या दोन बातम्या असतील तर एक बातमी गल्लीची, वस्तीची, कोपीची. गाय व्याली, डीपी जळाला, आजोबा पंढरपूरहून आले, काहीही.

आणि पाचवी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. रोज शेवटी प्रत्येक वर्गाचा एक जण सांगतो, आज कोण आलं नाही. आणि का आलं नाही ते कोणाला माहीत आहे. कोणालाच माहीत नसेल तर घरी जाताना कोण बघून येणार ते तिथेच ठरतं. घरातलं काही सांगायला मुलाला संकोच वाटत असेल तर ते ओट्यावर सांगायचं नाही, बाईंच्या कानात सांगायचं, हेही मुलांनीच ठरवलं.

उशिराची रांग आम्ही बंद केली. उशिरा आलेलं मूल गुपचूप आपल्याच रांगेत मागे उभं राहतं. उशीर का झाला हे नंतर एकट्याला विचारलं जातं. विचारू लागल्यावर कळलं, की एकाच्या घरी लाईट रात्रीची असल्याने तो वडिलांबरोबर पाणी पाजायला शेतात जागतो, आणि एकीची आई पहाटे कामाला जाते म्हणून दोन भावंडांचं आवरून तिला यावं लागतं. माझंच लहानपण पुन्हा समोर उभं होतं.

हे सगळं सहज झालं असं समजू नका. पहिला महिना परिपाठ बघवत नव्हता. कोणी रडायचं, कोणी सुविचार विसरून पळून जायचं. तिसरीतला एक मुलगा ओट्यावर आला आणि एक मिनिटभर नुसता उभा राहिला. शाळा शांत होती. मग त्याने मान हलवली आणि खाली उतरला. मी वहीत लिहिलं, 'उभा राहिला'. पुढच्या खेपेला त्याने आपलं नाव सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्याने सांगितलं, की त्यांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आहेत आणि कोणाला हवं असेल तर मधल्या सुट्टीत सांगा. त्या दिवशी त्याच्याभोवती एवढी गर्दी झाली, की मधली सुट्टी दहा मिनिटं वाढवावी लागली.

पाहुणे आले की आता कोणी "काय तयारी आहे" म्हणत नाही. एका पालकांनी येऊन नाराजीही सांगितली. त्यांची मुलगी त्या पाच जणींपैकी होती. ते म्हणाले, "बाई, तिला रोज संधी मिळायची, ती तुम्ही काढून घेतली. हुशार असणं हा तिचा गुन्हा आहे का?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना सांगितलं, की ती आता नवीन मुलांना गोष्ट बसवायला मदत करते. ते तितकंसं पटलं नाही त्यांना. वर्षअखेरीस तीच मुलगी मला म्हणाली, "बाई, आधी मला सगळ्यांची फक्त नावं माहीत होती." मला वाटतं, तिच्या वडिलांना जे उत्तर मला नीट देता आलं नाही ते तिने दिलं.

तोडणीच्या टोळीतली मुलं दिवाळीनंतर येतात. त्यांची नावं आम्ही आल्या दिवशीच वहीत घालतो. गेल्या वर्षी अशाच एका मुलीने ओट्यावर सांगितलं, की त्यांच्या गावात विहिरीला पाणी कुठवर असतं आणि उन्हाळ्यात टँकर किती दिवसांनी येतो. आमची मुलं बागायतीतली. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता पाचवीच्या मुलांनी हात धुण्याच्या नळाला बादली लावली.

मी काही फार मोठा शोध लावलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात हे पूर्वीपासून आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृह सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवत, आणि 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक मुलांसाठी काढत. जे मुलांना रोज सांगायचं ते गुरुजी रोज हाताने लिहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथे राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, त्यांना वस्तीत जाऊन गोळा करायचं, हात-तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि मग शिकवायचं, हा त्यांचा परिपाठ. यांच्यापैकी कोणीही सकाळची सुरुवात मुलांना गप्प उभं करून केली नाही. सुरुवात मुलाची विचारपूस करून केली.

आणि आपली प्रतिज्ञा. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची. ती एखाद्या मोठ्या नेत्याने लिहिली असेल असं आपल्याला वाटायचं. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. ते आंध्रात कोषागारातले अधिकारी होते. एका सरकारी नोकराने लिहिलेले शब्द आज देशभरातली मुलं रोज म्हणतात. मी हे मुलांना मुद्दाम सांगते, कारण ओट्यावर फक्त मोठ्या माणसांचेच शब्द चालतात असं त्यांना वाटू नये.

आता परिपाठात आपल्या वेळेपेक्षा जास्त गोष्टी आहेत. संविधानाची उद्देशिका आहे. २०२३ पासून राज्यगीत आहे. या गोष्टी हव्यातच. पण वेळ तोच आहे. त्यात सगळं स्पीकरवरूनच लागलं, तर ठरलेली गीतं होतात, घड्याळात बसतात, सुरात होतात, आणि मुलांचा वाटा उरतो फक्त उभं राहण्याचा. आज सकाळी आपण तसेच उभे होतो.

म्हणून आता मुद्द्यावर येते. आपल्या तुकडीने शाळेला ध्वनिसंच द्यायचं ठरवलं आहे. वर्गणी जमली आहे. शाळेसमोरून आता चौपदरी रस्ता गेलाय, लहान मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, माईक हवाच. माझा विरोध नाही, माझीही वर्गणी त्यात आहे. माझ्या तीनच विनंत्या आहेत.

एक, ध्वनिसंचाबरोबर पेटी दुरुस्त करून देऊ या. भाता बदलला, सूर लावून घेतले की ती आणखी वीस वर्षं चालेल. आपल्यापैकी दोघी त्या पेटीवर शिकल्या आहेत आणि दोघीही याच गावात राहतात. त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी अर्धा तास दिला तर चार मुलं तयार होतील. मी मधल्या चहाच्या वेळी त्यांना विचारलं. एक हो म्हणाली. दुसरी विचार करते म्हणाली, आणि ती आत्ता माझ्याकडे बघत नाही.

दोन, एक वही देऊ या. दोनशे पानी. त्यात शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव असेल. आपल्या मोठ्या शाळेत सहाशेवर मुलं आहेत, सगळ्यांचे नंबर वर्षात लागतील का, असं मुख्याध्यापक सर विचारतील. सर, रोज तीन मुलं धरली तर साधारण सव्वादोनशे दिवसांत पावणेसातशे नंबर होतात. हिशेब बसतो. माईक मुलांच्या हातात जाऊ द्या, तो चालवायलाही मुलंच शिकू द्या. आणि लिंबाखालची रांग अजून असेल, तर सर, तिचा तुम्ही शांतपणे विचार करावा.

तीन, आपण स्वतः यावं. सत्कार घ्यायला नाही, भाषण करायला नाही. शनिवारी सकाळी रांगेत मागे उभं राहावं, प्रार्थना मोठ्याने म्हणावी, आणि मुलांनी बोलावलं तर आपल्या कामाची एक बातमी सांगावी. आपल्यात एसटीचा चालक आहे, परिचारिका आहे, वायरमन आहे, द्राक्षबागायतदार आहे, दुबईत क्रेन चालवून परत आलेला आहे. त्या सात-आठ जणांनी आपल्याला वर्षानुवर्षं बातम्या सांगितल्या. आता उरलेल्यांचा नंबर लावू या.

जाता जाता एक सांगते. आमच्या परिपाठात शेवटी विचारतात, आज कोण आलं नाही. आज सकाळी रांगेत उभी असताना मी तेच मोजत होते. आपण शंभरावर एक होतो. आज त्र्याहत्तर आलोत. काहींना रजा मिळाली नाही, काहींचा पत्ता सापडला नाही. सहा जण आता कधीच येणार नाहीत. त्यांतला एक माझ्याबरोबर त्या पावसात बंधाऱ्यावरून आला होता. माझी चप्पल चिखलात अडकली तेव्हा त्याने ती काढून दिली आणि म्हणाला, "चल, तुझा नंबर जाईल." माझा नंबर गेला नाही. त्याचा क्रमांक ३८ होता. त्याचा आठवडा आला तेव्हा तो तापाने घरी होता, आणि मग सहामाही आली. त्याचा नंबर राहून गेला.

म्हणून पत्ता न सापडलेल्यांपैकी कोणाचा रस्ता कोणाला माहीत असेल, तर घरी जाताना बघून या. हे इथेच ठरवू या.

आणि मॉनिटर, पसायदान आहे ना शेवटी? मग स्पीकर बंद ठेव. आपण म्हणू.